आधी जोतं, मग इलेव्हेशन

पालमला घर बांधायला काढलं की पहिली चर्चा होते ती इलेव्हेशनची. समोरून कसं दिसेल, गॅलरीला काच लावायची की स्टीलची रेलिंग, टाइल्स कोणत्या, रंग कोणता. मोबाइलवर फोटो फिरतात. नांदेडचा मेहुणा एक डिझाइन पाठवतो, परभणीची बहीण दुसरं. मिस्त्री म्हणतो, "होऊन जाईल मालक, तुम्ही काळजीच करू नका." पायाची गोष्ट मात्र एका वाक्यात उरकते, "कडक लागेपर्यंत खांदायचं", आणि जोतं किती उंच घ्यायचं हे त्या दिवशी मुरमाच्या किती ट्रॉल्या आल्या त्यावर ठरतं.

हा हिशेब उलटा आहे. घर नवं बांधणार असाल तर पहिला पैसा जिथे कोणाची नजर जात नाही तिथे घाला : पाया, जोतं, पत्र्याचे बोल्ट, स्लॅबचा उतार, अर्थिंगची तार. घर जुनं असेल तर रंग द्यायच्या आधी हेच तपासा. मोठ्या शहरात हे बघायला पगारी माणसं असतात, निदान असायला हवीत. आपल्याकडे आराखड्यावर इंजिनियरची सही होते, पण उन्हात बांधकामावर उभा असतो तो मिस्त्री, आणि त्याला सांगणारे तुम्ही. तुम्ही जे विचाराल ते तो करील. जे विचारणार नाही ते राहून जाईल, आणि नेमकं तेच पावसाळ्यात सापडेल.

पाऊस पूर्वीसारखा राहिला नाही हे पारावर बसणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. तरी एकदा आकड्यात बघू. एखाद्या महसूल मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की सरकारी दप्तरात अतिवृष्टी नोंदली जाते. हजार चौरस फुटांच्या स्लॅबवर 65 मिलिमीटर पाऊस म्हणजे सहा हजार लिटर पाणी, ट्रॅक्टरच्या टँकरपेक्षा थोडं जास्तच. हल्ली कित्येकदा हा पाऊस 24 तास घेत नाही, दीड-दोन तासांत उरकतो. हवा एका अंशाने तापली की साधारण सात टक्के जास्त वाफ धरून ठेवते, आणि सोडते तेव्हा एकदम सोडते. गल्लीत वीस घरं धरा. वीस टँकर पाणी दोन तासांत एका फूटभर रुंदीच्या नालीत, आणि त्या नालीत आधीच गुटख्याच्या पुड्या, पाण्याचे पाऊच, कोणाच्या तरी बांधकामाची वाळू.

2024 च्या सप्टेंबरमध्ये पहिल्या दोनच दिवसांत परभणी, हिंगोली आणि नांदेड जिल्ह्यांत पावसाने दाणादाण उडवली. 2025 चा सप्टेंबर त्याहून वाईट निघाला. महिन्याच्या शेवटी जायकवाडीतून गोदावरीत तीन लाख क्युसेकच्या घरात पाणी सोडावं लागलं, आणि पैठणपासून नांदेडपर्यंत नदीकाठाने श्वास रोखला. गोदावरीचा पूर टीव्हीवर दिसतो, त्याच्या बातम्या होतात. पण पालम शहरातल्या माणसाचं नुकसान बहुतेक वेळा त्या पुरातून होत नाही. ते होतं उंबऱ्यातून आत आलेल्या गल्लीच्या पाण्याने, रात्री खचलेल्या भिंतीने, उडालेल्या पत्र्याने. त्याची बातमी होत नाही, म्हणून त्याची तयारीही होत नाही.

पत्र्यापासून सुरुवात करतो. पत्र्याखाली राहणाऱ्याला सल्ला द्यायला सहसा कोणी येत नाही.

एप्रिल-मेमध्ये दुपारी चारच्या सुमारास आभाळ भरून येतं, धुळीची वावटळ उठते आणि दहा मिनिटांत कोणाचे तरी पत्रे शेजारच्या वावरात जाऊन पडतात. ते उडू नयेत म्हणून आपण काय करतो? दगड ठेवतो. एखाद्या उंच घराच्या स्लॅबवर चढून खालच्या वस्तीकडे बघा. पत्र्यांवर ओळीने दगड, मधे फुटकं टायर, जात्याची तळी, सिमेंटच्या विटेचा तुकडा, कुठे मातीने भरलेलं पोतं. ताशी 100 किलोमीटरचा वारा सुटला तर दहा फुटी पत्र्याला वर खेचणारा जोर सव्वाशे-दीडशे किलोच्या आसपास जातो. दार-खिडकी उघडी असेल तर आत शिरलेला वारा खालूनही ढकलतो. अशा वेळी दहा किलोचे दोन दगड पत्र्याला धरून ठेवत नाहीत, उलट पत्र्याआधी तेच खाली येतात, आणि खाली बहुतेक वेळा पोरं झोपलेली असतात.

पत्रा धरून ठेवतो तो बोल्ट. आपल्याकडे सर्रास इंग्रजी 'जे' अक्षराच्या आकाराचे हुक वापरतात. आकडी पाइपात अडकवलेली असते, ओढ बसली की ती सरळ होते आणि सुटते. त्याऐवजी पाइपाला दोन्ही बाजूंनी कवटाळणारा यू बोल्ट बसवा, वर लोखंडी आणि रबरी वायसर लावा. सगळीकडे बदलणं परवडत नसेल तर चार कोपरे, कडेची ओळ आणि आढ्याची ओळ आधी बदला. वारा तिथूनच पत्रा उचलायला घेतो, मधल्या भागावर त्याचा जोर कमी असतो. वळचणीला पत्रा दीड फुटापेक्षा जास्त बाहेर काढू नका. सावली मिळते खरी, पण वाऱ्याला हात घालायला तेवढीच जागा मिळते.

एवढं करूनही एक गोष्ट हमखास राहते. पत्रा पाइपाला घट्ट, पण पाइप भिंतीवर नुसता टेकलेला. मग पत्रे एकटे उडत नाहीत, सगळा सांगाडाच उठतो. पाइपाच्या दोन्ही टोकांना लोखंडी पट्टी वेल्ड करून ती भिंतीत दोन-तीन फूट खाली नेऊन काँक्रीटमध्ये गाडा. विटांच्या वरच्या दोन थरांत अडकवलेली पट्टी काही कामाची नाही, ती विटा घेऊनच वर येते. हे काम वेल्डिंगवाल्याचं आहे, गवंड्याचं नाही. गल्लीतल्या पाच-सहा घरांनी मिळून मार्चमध्येच त्याला बोलवा. मे महिन्यात तो लग्नाच्या मांडवांत आणि शेतावरच्या शेडमध्ये गुंतलेला असतो, हाती लागत नाही.

जुन्या गल्ल्यांत अजून माळवदं आहेत. दगड-मातीची दोन हात रुंद भिंत, लाकडी तुळया, किलचं आणि वर पांढरी माती. उन्हाळ्यात या घरात जो गारवा असतो तो कुठल्याही स्लॅबखाली मिळणार नाही, हे मान्य. पण दरवर्षी गळती थांबवायला वर आणखी एक थर टाकायचा, असं पन्नास वर्षं चाललं की वजन कुठे जातं त्याचा हिशेब कोणी करत नाही. दहा बाय बाराच्या खोलीवर एक फूट माती म्हणजे साडेपाच टनांच्या पुढे वजन, तेही कोरडं असताना. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीला जे हजारो जीव गेले, त्यांतले पुष्कळ असल्याच घरांत, भिंतीच्या दगडांखाली आणि छताच्या मातीखाली गेले. आपण किल्लारीपासून फार लांब नाही. 21 मार्च 2024 ला हिंगोलीकडे झालेल्या भूकंपाचे धक्के परभणी-नांदेडलाही जाणवले. पण माळवद पडायला भूकंपच लागतो असं नाही. तीन दिवसांची झड पुरते.

म्हणून माळवदवाल्यांनी पावसाच्या आधी एक काम करावं. भिंतीला पोट आलंय का ते बघावं. भिंतीला दोरी लावून बघितली की समजतं. या भिंती आतून-बाहेरून दोन पदरी असतात, मधे चुरा आणि माती भरलेली. पाणी मुरलं की मधली माती फुगते आणि बाहेरचा पदर सुटतो. पोट आलेली भिंत एका रात्रीत बसते, आधी आवाजही देत नाही. घरातली म्हातारी म्हणेल, "सासऱ्याच्या काळातली भिंत हाय, काही होत नाही तिला." तिच्याशी वाद घालू नका, तिची खाट तेवढी दुसऱ्या खोलीत हलवा. दोन पदरांना सांधणारा आरपार दगड दर तीन-चार फुटांवर बसवता येतो. वरची जास्तीची माती काढून पातळ थर ठेवायचा आणि त्याखाली जाड प्लास्टिक अंथरायचं, हेही जमण्यासारखं आहे. पन्हाळ मोकळी ठेवा, उंदरांची बिळं बुजवा. आणि भिंत उघडीच पडली असेल तर पावसाळाभर त्या खोलीत कोणी झोपू नये. दिवसा सामान ठेवलं तरी चालेल.

आता जोत्याकडे येतो, कारण पालममधला सगळ्यात मोठा घोळ इथे आहे, आणि तो एकट्या घरमालकाच्या हातात नाही.

जुन्या वाड्यांचं जोतं आठवा. तीन-चार पायऱ्या चढून ओसरीवर जायचो. आता कित्येक घरांत रस्त्यावरून एक-दोन पायऱ्या खाली उतरून आत जावं लागतं. घरं खाली गेलेली नाहीत, रस्ते वर आले. पहिल्यांदा मुरूम, मग खडी, मग डांबर, मग सिमेंटचा रस्ता, आणि दर निधीला आधीच्याच डोक्यावर नवा सहा इंचांचा थर. खोदून जुना थर काढायचा तर खर्च वाढतो आणि गुत्तेदाराला वेळ लागतो, म्हणून कोणी काढत नाही. नालीची कड रस्त्याच्या वर आणि घराचा उंबरा रस्त्याच्या खाली, अशी स्थिती झाल्यावर पाऊस कितीही कमी पडला तरी पाणी तुमच्याच घरात येणार. मग प्रत्येक जण उंबऱ्यावर विटांचा अडसर बांधतो. ज्याला ऐपत आहे तो आतली फरशी उचलून भराव घालतो, छताची उंची कमी होते, दार कापावं लागतं. हा सगळा खर्च रस्त्याच्या अंदाजपत्रकात कुठेच धरलेला नसतो.

तेव्हा तुमच्या प्रभागात रस्ता मंजूर झाला की फलकावरची रक्कम वाचून थांबू नका. एक प्रश्न विचारा : तयार रस्त्याची पातळी किती राहणार? जुना थर खरवडून, आहे तीच पातळी ठेवून काम करता येतं, आणि अंदाजपत्रकात ती बाब आधीच धरली तर गुत्तेदाराला नाही म्हणता येत नाही. काम सुरू झाल्यावर ओरडून उपयोग नाही. नगरपंचायतीत 17 सदस्य आहेत, प्रत्येकाच्या गल्लीत लोकांनी हा एकच प्रश्न धरून ठेवला तरी पुष्कळ फरक पडेल. गल्लीतल्या कोणाचं घर किती खाली आहे हे आधी मोजून ठेवा. त्याला इंजिनियर लागत नाही. गवंड्याकडे पारदर्शक नळी असते, तीत पाणी भरायचं. एक टोक रस्त्याच्या सगळ्यात उंच जागेवर धरायचं, दुसरं आपल्या उंबऱ्यापाशी. नळीतलं पाणी दोन्हीकडे सारख्याच पातळीला राहतं, तिथे खडूने रेघ मारायची. मोजायला दोन माणसं आणि अर्धा तास लागतो.

नवं घर बांधणाऱ्यांनी हीच नळी वापरावी. राष्ट्रीय इमारत संहिता सांगते की जोतं आजूबाजूच्या जमिनीपेक्षा निदान 45 सेंटिमीटर उंच हवं. माझं मत असं की पालममध्ये त्यावर थांबू नये. पुढच्या वीस वर्षांत रस्त्याचे किमान दोन थर वाढतील असं धरून रस्त्याच्या पातळीपासून अडीच फूट घ्या. घरकुलाच्या लाभार्थ्यांनी तर विशेष लक्ष द्यावं. शहरी घरकुलाचे अडीच लाख टप्प्याटप्प्याने मिळतात, आणि पहिला हप्ता हातात आला की जोतं लवकर उरकून पुढचा हप्ता काढायची घाई होते. जोत्यात वाचवलेले दहा हजार नंतर कुठल्याच हप्त्यातून भरून निघत नाहीत.

पायाचं म्हणाल तर आपली काळी जमीन कापसाला चांगली, घराला वाईट. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते, त्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि वरचं घर तिच्याबरोबर वरखाली होतं. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली भेग ही बहुतेक वेळा गिलाव्याची चूक नसते, तिथे पाया हललेला असतो. काळी माती संपून मुरूम लागेपर्यंत खोदणं हाच खात्रीचा मार्ग. मुरूम फारच खोल असेल तर माती काढून तिथे मुरूम नऊ-नऊ इंचांच्या थरांनी पाणी मारून दाबून भरावा, एकदम ट्रॉली ओतून नाही. जोत्याला चहूबाजूंनी बीम आणि दारा-खिडक्यांच्या डोक्यावर एक सलग पट्टा, एवढं केलं तर जमीन हलली तरी घर एकसंध हलतं. भूकंपातही हाच पट्टा कामाला येतो. आणि घराभोवती तीन फूट फरशीचा उतारता पट्टा करा, म्हणजे पावसाचं आणि न्हाणीचं पाणी पायाशी मुरणार नाही. परसदारी न्हाणीचं पाणी भिंतीलगत सोडलेलं मी अजून घरोघर बघतो. पावसाने जे वर्षातून चार महिने होतं ते आपण बारमाही करून ठेवतो.

स्लॅबच्या घरवाल्यांना वाटतं आपण सुटलो. हजार चौरस फुटांच्या स्लॅबवर चार बोटं पाणी साचलं तर ते सात टन होतं. पाणी साचतं कारण उतार दिलेला नसतो आणि वरून खाली येणारा पाइप एकच, तोही दोन इंची, त्याच्या तोंडाशी पिंपळाची पानं आणि पोरांचा चेंडू. चार इंची पाइप, दर चारशे-पाचशे चौरस फुटांना एक, तोंडाला जाळी, आणि मिरग लागायच्या आधी एकदा झाडू. यात अवघड काही नाही.

तेच पाणी खाली आणून बोअरशेजारच्या शोषखड्ड्यात सोडलं तर दुसराही हिशेब सुटतो. एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. त्या गाडीच्या एका वाघिणीत पन्नास हजार लिटर पाणी येत होतं. वर्षाचा पाऊस सातशे मिलिमीटर धरा, थोडं उडून आणि वाया जाऊन काय उरतं ते बघा : हजार फुटांच्या एका स्लॅबवरून जवळजवळ एक वाघीण भरते. हेच पाणी आपण आधी रस्त्यावर सोडतो, तिथून शेजाऱ्याच्या घरात घालतो, आणि मे महिन्यात टँकरला पैसे मोजतो.

उन्हाचं थोडक्यात सांगतो. परभणी जिल्ह्यात पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसला जातो तेव्हा पत्र्याखालची खोली दुपारी राहण्यालायक उरत नाही. पत्र्याला आणि स्लॅबला मार्चमध्ये पांढऱ्या चुन्याचे दोन हात द्या, आत दोन-तीन अंश तरी फरक पडतो. अहमदाबादने 2013 मध्ये उष्णतेचा कृती आराखडा केला, शेजारच्या तेलंगणाने 2023 मध्ये थंड छपरांचं धोरणच जाहीर केलं. आपल्याला धोरणाची वाट बघायची गरज नाही, चुना दुकानात मिळतो. पत्र्यावर पऱ्हाट्या किंवा कडबा पसरणाऱ्यांनी मात्र सावध राहावं. गारवा मिळतो, पण एक ठिणगी पडली की वस्ती जाते.

विजेबद्दल दोन गोष्टी. मीटर, बोर्ड आणि मोटारीचा स्टार्टर जिथवर पाणी आल्याचं घरच्यांना आठवतं त्याच्या दोन हात वर घ्या. अर्थिंग खरंच जमिनीत गेली आहे का हे वायरमनकडून तपासून घ्या, आणि मेन स्विचपाशी, विजेची गळती झाली की आपोआप पडणारा ब्रेकर बसवा. ओल्या पत्र्यात वीज उतरून माणसं जातात ती बहुतेक या दोन गोष्टी नसल्यामुळे. आभाळातल्या विजेसाठी पुण्याच्या हवामान संस्थेचं 'दामिनी' ॲप मोफत आहे. घरातल्या कोणाकडे तरी ते असू द्या, विशेषतः शेतात जाणाऱ्याकडे.

आता घराबाहेर. प्लॉट घेताना लोक सातबारा बघतात, एनए बघतात, रस्ता बघतात. ओढा बघत नाहीत, कारण व्यवहार होतो फेब्रुवारीत आणि तेव्हा ओढा कोरडा ठणठणीत असतो. भूमी अभिलेख कार्यालयातून गाव नकाशा काढून घ्या, त्यात ओढे-नाले दाखवलेले असतात. शिवाय त्या शिवारात ज्याने चाळीस वर्षं औत हाकलं अशा माणसाला विचारा, इथून पाणी कुठून जायचं. नदीकाठी जलसंपदा विभागाने पूररेषा आखलेली असेल तर तीही बघा. निळी रेषा पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला परवानगी नसते. कोणी "काही होत नाही, मी बसलोय ना" म्हणत स्वस्तात प्लॉट देत असेल तर पूर आला तेव्हा तो कुठे बसला असेल याचा विचार करा.

मेन रोडवरच्या दुकानदारांना हात जोडून एक सांगायचं आहे. दुकानासमोरच्या नालीवर जो कायमचा स्लॅब ओतला आहे तो फोडा. नाली उघडी ठेवा असं मी म्हणत नाही, गिऱ्हाइकाने उडी मारून यावं असंही नाही. दोन माणसांना उचलता येतील असे तुकड्या-तुकड्यांचे ढापे करा. नाली साफ करणाऱ्या माणसाला शंभर फूट बंद स्लॅबखाली हात घालता येत नाही, मग तो दोन्ही टोकांचा गाळ काढून निघून जातो. आणि काढलेला गाळ त्याच नालीच्या काठावर ढीग करून ठेवायची जी आपली पद्धत आहे ती बंद पाडा. पहिल्याच पावसात तो ढीग पुन्हा नालीत जातो आणि बिल मात्र निघालेलं असतं. गाळ त्याच दिवशी उचलला तरच काम झालं, असा आग्रह धरा.

चौकातल्या फ्लेक्सचंही तेच. 13 मे 2024 ला मुंबईत घाटकोपरला अवाढव्य फलक पेट्रोल पंपावर कोसळून 17 माणसं गेली. आपले वाढदिवसाचे बॅनर तेवढे मोठे नसतात, पण ते बांबूवर आणि विजेच्या खांबाला सुतळीने बांधलेले असतात. वळवाच्या दिवसांत तरी ते उतरवा. वाढदिवस असलेल्या साहेबांनी स्वतःच सांगितलं तर लोक ऐकतील.

पालमहून जांभूळबेटाकडे जाणाऱ्या बाजूला लेंडी नदी आडवी येते. तिला पाणी आलं की फळा, आरखेड, घोडा, उमरथडी या बाजूच्या गावांचा तालुक्याशी संपर्क तुटला, ही बातमी आपण कित्येक पावसाळे वाचली आहे. पूल उंच हवा, ही मागणी रास्त आहे आणि ती सोडू नये. पण मागणी पूर्ण होईपर्यंत माणसं जगली पाहिजेत. नदीपलीकडच्या घरात कोणी आठव्या-नवव्या महिन्याची लेकबाळ असेल तर पावसाचा अंदाज बघून तिला आधीच पालममध्ये नातेवाइकाकडे आणून ठेवा. दम्याचा पेशंट असेल तर पंधरा दिवसांची औषधं घरात हवीत. पुलावरून पाणी वाहत असताना "एवढंसं तर पाणी आहे" म्हणून दुचाकी घालू नका. घोट्याच्या वरचं वाहतं पाणी गाडी आडवी करतं आणि दोन फुटांत चारचाकी तरंगायला लागते. अडकलात तर जिल्हा नियंत्रण कक्षाचा क्रमांक 1077 आणि रुग्णवाहिकेसाठी 108. हे दोन आकडे मोबाइलमध्ये असू द्या आणि घरातल्या भिंतीवरही, कारण पुरात मोबाइल आधी बंद पडतो.

शेवटी कागदांचं. सरकारी मदतीच्या निकषात सपाट भागातलं घर पूर्ण पडलं तर 1,20,000 रुपये, निदान 15 टक्के पडझड झाली तर पक्क्या घराला 6,500, कच्च्याला 4,000, आणि झोपडीला 8,000. ही रक्कम वाचूनच कळेल की यू बोल्ट स्वस्त पडतात. तरीही हक्काचं सोडू नका. मे महिन्यात घराचे चारही बाजूंनी आणि आतून फोटो काढून ठेवा, नुकसान झाल्यावर साफसफाईच्या आधी पुन्हा काढा, आणि पंचनाम्याच्या वेळी घरात जाणतं माणूस हजर ठेवा. ज्यांना परवडतं त्यांनी 'भारत गृह रक्षा' विमा बघावा. एप्रिल 2021 पासून जवळजवळ सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्या तो देतात, आणि त्यात वादळ, पूर, वीज, भूकंप सगळं येतं. आपण गाडीचा विमा काढतो आणि तिच्या वीसपट किमतीचं घर तसंच सोडतो.

आणि नगरपंचायतीकडचा अर्ज. रस्त्याची पातळी, नालीची सफाई, शाळेच्या जुन्या खोल्यांची तपासणी, जे काही मागायचं ते जूनमध्ये मागून उपयोग नाही. पुढच्या वर्षाचं अंदाजपत्रक फेब्रुवारी-मार्चमध्ये ठरतं. तेव्हा अर्ज दिवाळी ते संक्रांतीच्या दरम्यान जायला हवा, गल्लीतल्या सगळ्यांच्या सह्यांनी, सोबत नळीने मोजलेल्या उंबऱ्यांची यादी जोडून. आवक शाखेचा शिक्का मारलेली प्रत घेतल्याशिवाय तिथून उठू नका.